दोऱ्याच्या अलीकडे

खोली बघायला गेले तेव्हा घरमालकांनी मला नाव विचारलं नाही, नोकरी विचारली नाही, की जात विचारली नाही. म्हणाले, "पुढच्या दारातून शिरा आणि मागच्या दारातून बाहेर पडा. थांबायचं नाही."

मी दीपनगरची. वीज केंद्राच्या वसाहतीत वाढलेली. तिथे सगळं भोंग्यावर चालतं, त्यामुळे कोणी काही सांगितलं की आधी करायचं आणि मग विचारायचं, ही सवय अंगात. मी चालले. पुढच्या ओसरीतून एक लांबलचक बोळ निघत होता, तो घराच्या पोटातून थेट मागच्या अंगणात उघडत होता. डाव्या हाताला दोन खोल्या, उजव्या हाताला स्वयंपाकघर, आणि मधे ही सरळसोट मोकळी वाट. तिच्यात ना चपलांचं स्टँड, ना कपाट, ना पाण्याचा माठ. धुळ्याच्या देवपुरातल्या घरांत जिथे सायकल ठेवायला जागा मिळत नाही, तिथे या माणसाने घराचा चांगला तिसरा हिस्सा नुसता मोकळा सोडला होता.

मागच्या दारातून मी बाहेर पडले तर घरमालक माझ्या आधीच तिथे हजर! बाजूच्या गल्लीतून धावत आले असणार. म्हणाले, "खोली तुमची. एकच अट. ही वाट मोकळी राहिली पाहिजे. सामान आणाल ते बाहेरच्या जिन्याने वर न्या."

त्यांना सगळे आबा म्हणत, त्यांच्या बायकोला अक्का. मला त्यांनी पहिल्या दिवसापासून "दीपनगर" म्हणायला सुरुवात केली. माझ्या आधीचा भाडेकरू "चोपडा" होता, त्याच्या आधीचा "शिरपूर". निवृत्त होईपर्यंत एसटीच्या लाल गाडीवर कंडक्टर होते, माणसांना गावाच्या नावाने ओळखायची खोड तिथली. "दीपनगर, खाली या, चहा झालाय." खाली गेलं की अक्का चहा देई, मी पायरीवर बसे, अक्का उंबऱ्याशी बसे आणि आबा बोळातून येरझाऱ्या घालत चहा पीत. कप त्यांच्या हातात असा हिंदकळायचा की अर्धा चहा बशीत, पाव जमिनीवर आणि उरलेला पोटात.

आबा बसत नसत. हे मी सांगते तेव्हा लोकांना वाटतं, फारसे बसत नसत असं म्हणायचं असेल. नाही. जेवायचे उभ्याने, पेपर वाचायचे उभ्याने, दाढीला सलूनमध्ये गेले तरी खुर्चीत टेकले न टेकले करून उठायचे, त्यामुळे हनुवटीवर कायम एखादा काप असायचा. लग्नाच्या पंगतीत ते वाढायला उभे राहायचे, म्हणजे बसायला नको. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "कंडक्टर बसला की गाडी थांबते." अक्का आतून म्हणाली, "गाडी कवयच थांबी गयी. हाई मानूस बठस नही, नि कोनले बठू देस नही."

अक्का इकडचीच, पारोळ्याचं माहेर, तिची भाषा पक्की अहिराणी. मी कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या नोकरीवरून घरी आले की रोज तिचा तोच प्रश्न, "उनी का पोर?" समोर उभी असलेली दिसत असूनही विचारायचं, आलीस का पोरी. मीही रोज "उनी, अक्का" म्हणायची. त्या दोन शब्दांनी दिवसभराचा शीण उतरायचा, हे खरंच सांगते.

बोळाचं कोडं मला महिनाभर उलगडलं नव्हतं. बोळाच्या फरशीवर तीन ठिकाणी आडव्या पांढऱ्या रेघा होत्या. एक ओसरीजवळ, जवळजवळ पुसलेली. दुसरी स्वयंपाकघराच्या दाराशी, फिकट. आणि तिसरी मागच्या दाराच्या अलीकडे, चांगली ठसठशीत, दर दिवाळीला नवा रंग मिळणारी. मी आपलं धरून चालले की वास्तुशास्त्राचं काहीतरी असेल. हल्ली काय, कोणी घरात आरसा उलटा टांगतं, कोणी गंगाळात कासव ठेवतं. शेवटी अक्कालाच विचारलं.

"तठे नाना जिंकनार व्हतात," अक्का म्हणाली आणि भाकरी थापायला लागली. थोड्या वेळाने म्हणाली, "मरेल मानूस मना घरमा पयस, नि जित्ती बाईनी आंग चोरी चालानं."

पयस म्हणजे पळतो, आणि नाना म्हणजे आबांचे आजोबा. मूळचे जामनेर तालुक्यातल्या पहूरचे, कापूस पिकवणाऱ्या घरातले. इंग्रजी अमदानीत, शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी, मॅट्रिकला म्हणून धुळ्याला आले, कोर्टात कारकून झाले, आणि कोणीही न सांगता, काहीही न मिळता, पळायला लागले. त्या काळी माणूस पळायचा तो वाघ मागे लागला तर, नाहीतर गाडी चुकत असली तर. सकाळी पांझरा नदीच्या काठाने धोतराचा काचा मारून, अनवाणी, उगाच पळणारा कारकून बघून बायका मुलांना घरात घ्यायच्या म्हणे. लांब पल्ल्याचं त्यांना वावडं होतं आणि एका दमात संपणारं पळणंही आवडत नसे. त्यांचं मन अर्ध्या मैलात आणि मैलात. आबा म्हणायचे, "मैल म्हणजे संसार. सुरुवातीला उधळलं तर शेवटी तोंडाला फेस, आणि जपून राहिलं तर दुसरा पुढे जातो."

तोंड मिटून नाकाने श्वास घेता यावा म्हणून नाना पळताना गालात एक चिंचोका ठेवायचे. शर्यत संपली की चिंचोका काढून उपरण्याच्या टोकाला बांधायचे. जळगावच्या एका कापसाच्या जिनवाल्या शेठने त्यांना पगारावर ठेवायची तयारी दाखवली होती, शर्यती लावायच्या आणि पैजा मारायच्या. नानांनी हात जोडले. हौसेला पगार लागला की ती नोकरी होते, आणि नोकरी मला एक आहे, असं म्हणाले.

हे सगळं आबांना कसं कळलं? तर तिकिटं फाडता फाडता. धुळे–जळगाव, धुळे–जामनेर अशा गाड्यांवर त्यांनी उभं आयुष्य काढलं. कोणी पिकल्या केसांचा उतारू दिसला की तिकिटाआधी प्रश्न, "बाबा, तुमच्या घरात कोणी साहेबांच्या खेळाची गोष्ट सांगायचं का? मैलाची शर्यत? कोर्टातला कारकून?" शंभरांतले नव्याण्णव म्हणत, "भाऊ, आधी एरंडोलचं तिकीट दे." पण एखादा निघायचा. चिंचोक्याची गोष्ट एका एरंडोलच्या म्हाताऱ्याकडून आली. शेठची गोष्ट पाळधीला उतरणाऱ्या एका मास्तरांकडून. आणि साहेबांच्या खेळातली नानांची ती मैलाची शर्यत कुठे संपली, ते मैदान कुठे होतं, हे तर दर उतारू वेगळं सांगायचा. एक म्हणाला, विहिरीपासून चिंचेपर्यंत. दुसरा म्हणाला, चिंच नव्हतीच, निंब होता. त्या मैदानावर कधीच घरं उठली होती. आबांनी तिथलाच प्लॉट घेतला, शर्यतीचा शेवटचा तुकडा घरातून जाईल असं घर बांधलं, आणि शेवटाची रेघ ओसरीजवळ ओढली. मग निंबवाला भेटला, रेघ आत स्वयंपाकघराच्या दाराशी आली. अक्काने गॅसची टाकी आणि पिठाचा डबा हलवला. मग विहिरीवाल्याचा पुतण्या भेटला, रेघ मागच्या दाराकडे गेली. अक्काने पाण्याचा ड्रम हलवला. अक्का म्हणायची, अजून एक म्हातारा भेटला तर शर्यत शेजाऱ्यांच्या न्हाणीत संपणार.

आता मुख्य गोष्ट. नाना त्या शर्यतीत जिंकले नाहीत. आणि का जिंकले नाहीत, ती आबांच्या जिवाला लागलेली टोचणी होती.

आधीच्या शर्यतींत जमिनीवर चुन्याची रेघ मारत. त्या वर्षी नवे साहेब आले होते, त्यांनी विलायतेची रीत आणली. शेवटाला दोन माणसं आडवा दोरा धरून उभी करायची, जो पहिला येईल त्याने तो छातीने तोडायचा. दोरा आणायला पाठवलेला शिपाई बाजारातून कच्चं पांढरं सूत घेऊन आला. नाना सगळ्यांच्या पुढे होते. मागून एक पोलीस हवालदार येत होता, पण तो बराच मागे. नाना दोऱ्यापर्यंत आले आणि थांबले. एकदम. हात जोडले, वाकले, आणि दोऱ्याखालून पलीकडे गेले. तेवढ्यात हवालदार आला आणि धाडकन दोरा तोडून गेला. कप हवालदाराला. लोक हसले ते हसलेच. पहूरला घराचं नाव पडलं, "दोऱ्याचे". आबा शाळेत पळायचे तेव्हाही पोरं ओरडायची, "वाक रे, दोरा उना!" आबा तिथेही कायम दुसरे यायचे.

"मी असतो ना, दीपनगर," बोळातून तरातरा जाताना आबा म्हणत, "तर हा असा!" आणि म्हाताऱ्या छातीचा भाता पुढे काढून रेघेवरून जात. दिवसातून दहा वेळा. दूध आणायला जाताना, कचरा टाकायला जाताना. माणसाच्या मनात एखादं कुसळ रुतलं की तो दुसऱ्यालाही टोचत राहतो. मला सुरुवातीला गंमत वाटायची, मग कीव आली, मग खरं सांगते, रागच यायला लागला. गेलेल्या माणसाने शंभर वर्षांपूर्वी न तोडलेल्या दोऱ्यासाठी जिवंत बाईने ड्रम का ओढायचा?

पण नाना का थांबले, तेही आबांना ठाऊक होतं. पहूरच्या गाडीत एका खूप म्हाताऱ्या बाईने सांगितलं होतं. प्लेगच्या वेळी गावाने शीव बांधली होती. भगताने मंत्रून दिलेलं कच्चं सूत गावाभोवती फिरवलं होतं, रोगाने आत येऊ नये म्हणून. ते कोणी तोडायचं नाही. माणसं खालून वाकून जायची-यायची, आणि सुताला हात जोडायची. एके दिवशी कोणाचा तरी बैल बुजला आणि ते सूत तोडून गावात घुसला. आठवड्याच्या आत नानांची आई गेली. तेव्हा नाना लहान होते. मग शहरात येऊन, इंग्रजी शिकून, कोर्टात साहेबांपुढे उभं राहूनही, समोर ताणलेलं कच्चं सूत दिसल्यावर त्यांचे पाय थांबले. पाय थांबणारच ना? मला तर यात हसण्यासारखं काहीच दिसलं नाही.

आबांनी लहानपणी स्वतः नानांना विचारलं होतं. तेव्हा नाना म्हातारे झाले होते, पहूरला परतून शेती करायचे, पण पहाटे बांधावरून एकटेच पळायचे, तसाच काचा, तसाच गालात चिंचोका. आबा मागे मागे पळायचे. दम लागून बसल्यावर आबांनी विचारलं, "नाना, तोडला का नाही?" नाना म्हणाले, "बांधेल सूत आपण तोडू नये, बाळ. त्याच्या आत कोनी तरी असतं."

हे सांगताना आबा बोळाच्या मध्यावर थांबले होते. लगेच चालायला लागले. "भाबडा माणूस," म्हणाले. "आत कोणी नव्हतं. कप होता."

एकदा मी एक उद्योग केला. आमच्या कॉलेजचे वार्षिक खेळ होते. शर्यतीचा फीतवाला पाहुणा म्हणून मी आबांचं नाव सुचवलं. आबा सकाळपासून इस्त्रीचा शर्ट घालून गेटवर उभे. मुलींच्या शर्यतीला त्यांनी फितीचं एक टोक धरलं, दुसरं आमच्या क्रीडाशिक्षकांनी. "छाती पुढे! छाती पुढे!" असं आबा एवढ्या जोरात ओरडत होते की पळणाऱ्या मुली बिचकल्या असतील. साक्रीकडची एक मुलगी सगळ्यांच्या पुढे आली, फितीपासून हातभर राहिली, आणि आबांच्या हातातून फीत सुटली. खाली पडली. मुलगी रिकाम्या हवेतून गेली, गोंधळून मागे वळून बघायला लागली. क्रीडाशिक्षक चिडले, "आबा, धरायची होती ना!" फोटोवाला वेगळाच चिडला. आबा म्हणाले, "घाम आला होता. हात सुटला."

घाम नव्हता आला. मी शेजारीच उभी होते. त्यांनी बोटं उघडली होती. घरी येताना आबा माझ्या दहा पावलं पुढे चालत होते, आणि मला पहिल्यांदा त्यांच्याबद्दल राग नाही, काळजी वाटली. हा माणूस रोज जे करून दाखवतो म्हणतो, ते याला बघवतसुद्धा नाही.

त्याच हिवाळ्यात अक्काचा गुडघा गेला. आधी दुखत होताच. घराचा संडास मागच्या अंगणात, तीन पायऱ्या उतरून, धुण्याच्या दगडाला वळसा घालून. अक्का पायरीवरून घसरली, पंधरवडा अंथरुणात पडली. डॉक्टरांनी सांगून टाकलं, पायऱ्या बंद, उकिडवं बसणं बंद, घरातच खुर्चीचा संडास करून घ्या. त्यांचा पुण्याला असलेला मुलगा फोनवर रोज तेच सांगायचा.

घरात जागा एकच होती. बोळाचं मागचं टोक. जिथे ठसठशीत रेघ.

आबांनी काय काय उपाय काढले! पायऱ्यांना कठडा लावला. मग म्हणाले, मी हात धरून नेत जाईन, दिवस असो की रात्र. मग म्हणाले, दीपनगरला खाली आणू आणि आपण वर जाऊ. गुडघे गेलेली बाई जिना चढून वर कशी जाणार, हे त्यांना कोणी सांगावं? एकदा तर पडवीतलं कोंबड्यांचं खुराडं मोजत होते.  अक्का कठड्याला धरून, ओठ आवळून, तीन पायऱ्या उतरायची आणि चढायची. तिचं ते ओठ आवळणं मला सहन होईना. मी एकदा आबांना तोडूनच बोलले, "आबा, तुमची रेघ महत्त्वाची की अक्का?" आबा म्हणाले, "असं विचारतात का, दीपनगर?" आणि दूध आणायला गेले. दूध सकाळीच आलं होतं.

एक दिवस मी घरी आले तर "उनी का पोर?" आलं नाही. अक्का पिशवी घेऊन पारोळ्याला भावाकडे निघून गेली होती. भावाने नवं घर बांधलं होतं, त्यात तो खुर्चीचा संडास होता. लग्नाला जवळपास पन्नास वर्षं झालेली बाई संडासासाठी माहेरी गेली, हे देवपुरात तोंडातोंडी झालं. आबा गल्लीतून जाताना पोरं हसत. आबा उभ्याने पोळ्या खात होते, त्या कोपऱ्यावरच्या खानावळीच्या. बोळात येरझाऱ्या वाढल्या. रात्रभर चपलांचा आवाज येई आणि वर माझी झोप उडे.

शेवटी रविवारी ते मला घेऊन पारोळ्याला गेले. एकटं जायचा धीर नसावा. गाडीत जागा रिकाम्या असून ते दांडा धरून उभे. अक्का भावाच्या ओसरीत शेंगा सोलत बसली होती. आबांनी इकडचं तिकडचं केलं, पाऊसपाणी, कापसाचा भाव. अक्काने हातातली शेंग सोलून टाकली. मग शांतपणे म्हणाली, "आठे माले कोनना हात धरना पडस नही. मी घर येस. पन रेघ ठेवानी शे का माले ठेवानं शे, ते तुम्ही ठरावा."

आबा ओसरीतून अंगणात गेले, अंगणातून ओसरीत आले. "मिस्तरीला बोलावतो," म्हणाले.

अक्का आली. मिस्तरीही आला. मिस्तरी म्हणजे आमच्याच भागातले एक मुसलमान गवंडी, आबांच्या गाडीने रोज पारोळ्याला कामाला जायचे त्या काळापासूनची ओळख. त्यांनी बोळ पाहिला, अक्काला विचारलं कुठून वळायला बरं पडेल, आणि भिंत कुठे येणार ते ठरवायला दोन्ही बाजूंना खिळे मारून गेरूत भिजवलेला दोरा आडवा ताणला. खाली बांधला तर मांजरं पायात ओढतात म्हणून छातीच्या उंचीवर. तो नेमका रेघेच्या अलीकडे आला. म्हणजे रेघ संडासात जाणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्तरी बघतात तर खिळे हातभर मागे, रेघेच्या पलीकडे, दाराकडे सरकलेले. "हाई लाईन कोन सरकावस?" त्यांनी विचारलं. आबा पेपर घेऊन ओसरीत गेले. त्यांनी खिळे पुन्हा पुढे आणले, दोरा पुन्हा गेरूत बुडवून ताणला. तिसऱ्या दिवशी पुन्हा मागे. मिस्तरी कमरेवर हात ठेवून उभे राहिले. "आबा, इतल्या जागामा कोंबडीबी मावस नही. अक्काले कसं बसाडू?" आबा म्हणाले, "रेघ तेवढी बाहेर राहू द्या, मिस्तरी. बाकी काही म्हणत नाही." अशी दोघांची चार-पाच दिवस रस्सीखेच चालली. विटा अंगणात पडून, वाळूत मांजरं, आणि अक्का अजून बाजूच्या गल्लीने फिरून मागेच जात होती.

त्या दिवसांत मी एक गोष्ट पाहिली. आबा रोज त्या दोऱ्याखालून वाकून जायचे. येताना वाकायचे, जाताना वाकायचे. जिथे ते छाती काढून जायचे, नेमक्या त्याच ठिकाणी आता खरोखरचा दोरा होता, आणि हा माणूस मान खाली घालत होता. हात तेवढे जोडत नव्हते.  

तो दिवस गुरुवारचा होता. मी कॉलेजला निघत होते, बाहेरच्या जिन्यावर चपला घालत होते. मिस्तरी आणि आबा पुढच्या गेटवर तावातावाने बोलत होते. मिस्तरींनी नुकताच ओला गेरू देऊन दोरा पुन्हा पुढे ताणला होता आणि म्हणत होते, आता सरकला तर मी घमेलं उचलून घरी जाईन. आबा म्हणत होते, वीतभर, फक्त वीतभर. आणि मागून अक्काचा आवाज आला.

"ओ माय गं!"

मग काहीतरी आपटल्याचा आवाज, बादली गडगडल्याचा.

मी त्यांच्याकडे तीन वर्षं राहिले. आबांना चालताना, तरातरा जाताना, धडपडताना पाहिलं होतं. पळताना तेव्हा पाहिलं. ते गेटवरून निघाले ते ओसरीत, ओसरीतून बोळात. तोंड मिटलेलं, कोपरं अंगाशी, चपला कधीच सुटून पडलेल्या. सत्तरी उलटलेला माणूस असा पळू शकतो हे मला ठाऊक नव्हतं. त्या घराच्या पोटातून जी वाट त्यांनी इतकी वर्षं एका मेलेल्या माणसासाठी मोकळी ठेवली होती, तिच्यातून ते सुटले आणि कुठेही अडकले नाहीत. टण्णकन आवाज झाला. एक खिळा भिंतीतून उपटून खाली पडला. आबा मागच्या दारातून बाहेर.

आम्ही पोचलो तेव्हा अक्का धुण्याच्या दगडाशी बसली होती, गुडघा धरून, डोळ्यांत पाणी. हाड मोडलं नव्हतं. आबांनी तिच्या पाठीखाली हात घातला होता. मिस्तरींनी दुसरीकडून धरलं. दोघांनी तिला उचलून बोळातूनच आत आणलं आणि पुढच्या खोलीत खाटेवर ठेवलं. मी पाणी आणलं. आबांचा श्वास अजून जागेवर नव्हता, तरी ते तिच्या पायाशी वाकून गुडघा चाचपत होते. "दुखतं का इथे? इथे?"

मिस्तरी दारात तुटका दोरा बोटाला गुंडाळत उभे होते. त्यांना विचारावं की नाही कळत नसावं. शेवटी हळूच म्हणाले, "आबा, दोरा तुटी गया. भिंत कथी घ्यानी?"

आबांनी वर पाहिलं नाही. "कोणता दोरा? तिला विचारा ना. तिला जिथे सोयीचं पडेल तिथे घ्या."

अक्का त्यांच्याकडे बघत होती. आबांच्या पांढऱ्या बनियनवर, छातीवर, या टोकापासून त्या टोकापर्यंत गेरूची ओली आडवी रेघ उमटली होती. अक्काने बोट पुढे करून तिला स्पर्श केला, बोटाला लागलेला लाल रंग पाहिला. इतकी वर्षं टाकी हलवली, ड्रम हलवला, अंग चोरून चालली, आणि त्या शर्यतीबद्दल चेष्टेपलीकडे कधी एक शब्द बोलली नव्हती ती बाई.

"पहिला उनात तुम्ही," अक्का म्हणाली.

आबांनी मान खाली घालून आपल्या छातीकडे पाहिलं.  मग खाटेच्या कडेला हात टेकून, गुडघ्यांत वाकत वाकत, ते अक्काच्या पायाशी फरशीवर बसले.